पाळीवरचा रविवार

रविवार उजाडला की मंगरू रामटेकेचं डोकं सकाळपासूनच तापायला लागायचं. इतर दिवशी आपण बरं आणि आपलं धान बरं, असा तो असायचा. रविवारी मात्र तो काठी घेऊन शेताच्या पाळीवर उभा राहायचा, नाक्यावरच्या शिपायासारखा. फरक एवढाच, की शिपायाचं कोणीतरी ऐकतं.

कारण काय, तर त्याच्या बांधीपलीकडची, म्हणजे धानाच्या वावरापलीकडची, बोडी फेमस झाली होती. बोडी म्हणजे दिघोरी गावचं एक लहानसं तळं. त्यात म्हशी डुंबायच्या, कडेला कमळं फुलायची, आणि आजवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग कोण्या शहाण्यानं मोबाइलच्या नकाशावर तिला 'सनसेट पॉइंट' करून टाकलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण नकाशानं तिथं जायचा रस्ता दाखवला तो नेमका मंगरूच्या पाळीवरून! धानातलं पाणी अडवणारा मातीचा बांध तो, जेमतेम हातभर रुंद. त्यावरून साकोली-पवनीची पोरं खुशाल मोटरसायकली घालायला लागली.

"अरे बाबूहो, कालव्याकडून चांगला रस्ता हाये," मंगरू घसा फोडून सांगायचा.

"मॅपवर इथूनच दाखवते काका," पोरं मोबाइलवरची नजर न काढता म्हणायची.

मंगरूला खरा संताप यायचा तो याचाच. हाडामांसाचा माणूस समोर उभा आहे, जन्म इथं गेला आहे त्याचा, आणि त्याला विचारायचं सोडून त्या काचेला विचारायचं? पूर्वी परगावचा माणूस दिघोरीत शिरला की पहिल्याच घराशी थांबून रस्ता विचारायचा. रस्ता सांगायच्या आधी कोणाच्या घरचे, कोणत्या गावचे हे निघायचं, पाणी यायचं, आणि बोलता बोलता दूरचं एखादं नातंही निघायचं. मंगरूला धुरपताचं स्थळ अशाच एका वाट विचारणाऱ्या पाहुण्यानं सांगितलं होतं. आता येणारे कोण, जाणारे कोण, काही पत्ता नाही. त्यानं पाळीवर काटे टाकले, ते कोणी बाजूला सारले. 'इथून जाऊ नये' अशी पाटी लावली, तर दोन पोरींनी पाटीला टेकून फोटो काढले.

आणि श्रावणातल्या एका रविवारी मोटरसायकलींच्या चाकांखाली पाळ बसली. धानाची रोवणी नुकतीच आटपली होती, पावसानं दडी मारली होती. बांधीतलं सगळं पाणी बघता बघता नाल्यात गेलं. नवराबायकोनं चिखल घालून पाळ कशीबशी उभी केली आणि बोडीतून उरलंसुरलं पाणी आणून बांधी भरली. आता पुन्हा पाळ फुटली तर द्यायला बोडीतही पाणी नव्हतं. यंदाचं धान गेलंच म्हणायचं.

"कोन हाये तो नकाशात टाकनारा, नाव तं कळू दे," असं बडबडत मंगरू घनश्यामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. घनश्यामनं नकाशा उघडला, बोटानं खालीवर केलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"सांग ना बे."

"मंगरूभाऊ, इथं रीना रामटेके लिहून हाये."

रीना ही मंगरूची एकुलती एक पोरगी, पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती. मंगरू तसाच तणतणत बांधीवर आला. धुरपता पाळीला चिखल थापत होती. तिच्या पिशवीतला मोबाइल काढून त्यानं तिलाच रीनाला फोन लावायला सांगितला.

"काहून टाकलं वं तू ते नकाशात?"

रीना आधी घुटमळली. "गावची याद येऊन राहिली होती बाबा. इथं कोनी विचारत नाही मले, दिघोरी कुठं हाये म्हनून. ते टाकलं तं लोकं जाऊन राहिले, फोटो टाकून राहिले."

"आनि माही पाळ फोडून राहिले. धान मरन आपलं. काढ आत्ताच्या आत्ता."

"मले माहीत नव्हतं बाबा. काढते." मग ती म्हणाली, "त्या फोटोयत मागं तुमी असता. काठी घेऊन, चिडलेले. दर रविवारी पाहते मी."

मंगरू उखडला. "बापाले पाह्याले परक्याचे फोटो कायले पाह्यजे? फोन नाही का तुह्यापाशी?"

"फोन केला का तुमी आईले देऊन देता."

खोटं काय होतं त्यात? 'जेवली का' आणि 'घे, आईशी बोल', एवढ्यातच त्याचं बोलणं संपायचं. आताही धुरपतानं सवयीनं चिखलाचा हात पुढं केलाच होता. मंगरू तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"काढलं बाबा," रीना म्हणाली. "आता नाही येनार कोनी."

पाळ वाचली होती, धान वाचलं होतं. पण मंगरूच्या छातीवरचं ओझं काही उतरलं नाही. फोन धुरपताला न देता जे येत होतं तेच तो बोलत सुटला. पाळ कुठून बसली, माती कुठली आणली, आईची कंबर कशी धरली. रीना मध्ये मध्ये विचारत राहिली. मग म्हणाली, "व्हिडिओ लावा ना. दाखवा पाळ."

धुरपतानं बटण दाबून दिलं. मंगरूनं मोबाइल पुन्हा कानालाच लावला आणि पाळीवरून चालू लागला.

"हे पाय, हितून फुटली होती. दिसली?"

"नाही."

"आता?"

"नाही बाबा. निस्ता तुमचा कान दिसून राहिला."

मंगरू करवादला. "काय कटकट हाये ह्या मोबाइलची. कसा धरू मंग?"

"तसाच राहू द्या," रीना म्हणाली. "थोडा वेळ राहू द्या."