सांचीची फाईल

सुचेताची सायकल नागपूरहून मालगाडीने भोपाळला आली, त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. या सव्वा वर्षात ती चालली ती एकदाच, स्टेशनपासून क्वार्टरपर्यंत, आणि तीही हमालाच्या हाताने. तेव्हापासून ती व्हरांड्यात जुनी चादर पांघरून उभी होती आणि सुचेताची आई, कमलिनीबाई, तिच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवत असे.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला आणली गेली, आणि फायली, कपाटं, खुर्च्या यांच्याबरोबर कारकूनही आले. सुचेताचे वडील काशिनाथराव पांढरीपांडे हेडक्लार्क होते. ते जवळजवळ कपाटासारखेच आले, म्हणजे कुणी उचलून आणलं म्हणून. आल्या दिवशी त्यांनी भोपाळच्या पाण्याला, संत्र्यांना आणि रिक्षावाल्यांना नापास केलं. दुसऱ्या दिवशी सायकलवर निकाल दिला.

"हे नागपूर नव्हे. नवाबी गाव आहे. इथे मुलगी सायकलवर दिसली तर लोक काय म्हणतील?"

लोकांना काही कुणी विचारलं नव्हतं. खुद्द काशिनाथरावांनी भोपाळ पाहिलं होतं ते क्वार्टर ते कचेरी एवढंच. पण निकाल लागला तो लागला. सुचेता नागपुरात इंटर पास होऊन आली होती, पुढे शिकायची तिची फार इच्छा होती. कॉलेज मात्र तळ्यापलीकडे, चार मैलांवर. बस यायची ती मनात येईल तेव्हा. म्हणजे सायकल गेली की कॉलेजही गेलं, इतका सरळ हिशेब होता. आणि सायकल जाणारच होती. आत्याच्या कांचनला नागपुरात सायकल हवी होती, बाबांनी तिला कळवूनही टाकलं होतं.

पण मध्ये संक्रांत आली.

नागपुरात सेक्रेटरिएटच्या कारकुनांची एक रीत होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी सायकली काढायच्या आणि अठ्ठावीस मैल तुडवत रामटेकला जायचं. टेकडीवर चढायचं, दशम्या सोडायच्या, तिळाच्या वड्या वाटायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने सायकलींसह परत. काशिनाथरावांनी ही रीत बावीस वर्षं चुकवली नव्हती. भोपाळला आल्यावर पहिल्याच वर्षी ती मोडली, आणि ते दुःख त्यांना पाण्याच्या दुःखापेक्षाही मोठं होतं.

त्यांच्या कचेरीतला अच्युत नावाचा तरुण टायपिस्ट एके दिवशी घरी आला तो उड्या मारतच. "काका, सापडलं! सांची! रेल्वेच्या कडेच्या रस्त्याने बरोबर अठ्ठावीस मैल. वर टेकडी पण आहे. और क्या चाहिए?"

"रामटेक ते रामटेक," काशिनाथराव म्हणाले. पण अठ्ठावीस हा आकडा त्यांच्या मनात शिरला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच विचारलं, "टेकडी केवढी आहे म्हणालास?"

तेवढ्यात सुचेता पुढे झाली. "बाबा, मीही येणार."

अच्युत चहाच्या कपात बघू लागला. काशिनाथरावांनी मुलीला नाही म्हटलं असतं, पण त्यांना नुसतं नाही म्हणणं आवडत नसे. ते नियमाने नाही म्हणत. त्यांनी अट घातली. सुचेताने सांचीपर्यंत सगळा रस्ता आपल्याच सायकलवर बसून जायचं. सायकल दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, बैलगाडीत चढायचं नाही, थकून पायी चालायचं नाही. पोचली तर सायकल भोपाळात राहील. नाहीतर सोमवारी कांचनकडे रवाना.

"मान्य," सुचेता म्हणाली. सव्वा वर्षात तिने एक पायडल मारलं नव्हतं. बाबांना वाटलं, दहा मैलांत प्रकरण निकाली निघेल.

मग तयारी सुरू झाली, आणि तयारी म्हणजे अर्थातच फाईल. ही माणसं लग्नाला निघाली तरी आधी फाईल उघडत. 'विषय : सांची प्रवास' असं वर लिहून खाली यादी केली. दशम्या, चटणी, वड्या, पाण्याच्या सुरया, टिंक्चर आयोडिन, पंक्चरचं सामान, पंप. ही फाईल अच्युतकडून बांधकाम खात्यातल्या शांताराम ओव्हरसियरांकडे गेली. ते तिसरे गडी. शांतारामांनी 'पंप व पंक्चर सामान' यापुढे लिहिलं, 'व्यवस्था व्हावी.' अच्युतने खाली लिहिलं, 'व्यवस्था होत आहे असे समजते.' शेवटी ती काशिनाथरावांपुढे आली. त्यांनी चष्मा वर केला, 'पाहिले' असं लिहिलं आणि त्याखाली आपली ती प्रसिद्ध लांब शेपटीची सही केली.

रविवारी उजाडता उजाडता चौघं निघाली. कमलिनीबाईंनी दशम्यांचा डबा अच्युतच्या कॅरिअरला बांधला आणि लेकीच्या कानात सांगितलं, "घाई करू नकोस. आणि बाबा बोलतील तिकडे लक्ष देऊ नकोस." मग त्यांनी हँडलवरून भाजीची पिशवी काढली आणि सायकल मोकळी केली.

तळ्यावर धुकं होतं. थंडी अशी की बोटं घंटीवर चिकटतील. पहिले तीन मैल सुचेताच्या मांड्यांनी सव्वा वर्षाचा सूड घेतला. पण शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू पसरला, रुळांवरून एक मालगाडी शिट्टी घालत गेली, आणि तिच्या पायांना एकदम सगळं आठवलं. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली.

"काय झालं?" मागून बाबांनी विचारलं.

"काही नाही. रस्ता चांगला आहे."

"रामटेकचा रस्ता याहून रुंद होता."

दहा मैल झाले, प्रकरण काही निकाली निघालं नाही. बारा झाले. एका गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी चौघांकडे टक लावून पाहिलं. काशिनाथरावांनी मान खाली घातली, आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून. त्यातला एक दाढीवाला ओरडला, "शाबाश बिटिया! इन तीनों को पीछे छोड़ दे!"

अच्युत म्हणाला, "ऐकलंत, काका? अहो, इथे चार-चार बेगमांनी राज्य केलंय. यांना बाईमाणूस पुढे असल्याचं काय नवल!"

त्यानंतर काशिनाथरावांच्या तोंडून दीड मैलभर रामटेकचं नावही निघालं नाही.

दीवानगंज मागे टाकलं आणि घात झाला. बाभळीचा काटा काशिनाथरावांच्या पुढच्या चाकात घुसला, सायकल झोकांडली, ते एका पायावर सावरायला गेले आणि कंबरेत उसण भरली. शेताच्या बांधावर बसले ते वाकडेच.

"पंप काढा," शांताराम म्हणाले.

"काढा ना," अच्युत म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी काशिनाथरावांकडे पाहिलं. काशिनाथरावांनी बसल्या जागी आपली पिशवी उघडली. तिच्यातून निघाली फाईल. ती ते विसरले नव्हते! त्यांनी पान उघडलं. पंपापुढे तीन शेरे होते, तीन सह्या होत्या, तारखा होत्या. पंप तेवढा नव्हता.

पहिल्यांदा सुचेताला हसू फुटलं. मग अच्युतला. शांताराम ओठ दाबून हसू आवरत होते, त्यांचंही सुटलं. काशिनाथराव हसायला गेले आणि कंबर धरून कळवळले, तेव्हा सगळी गप्प झाली.

आता खरी पंचाईत उभी राहिली. सलामतपूर चार मैल पुढे, तिथे सायकलचं दुकान. सांची त्याच्याही पुढे. शांतारामांनी आपली सायकल देऊ केली, पण काशिनाथरावांचा पाय वीतभरही उचलत नव्हता, मग तो उंच दांड्यावरून पलीकडे जायचा कसा? एक बैलगाडी आली, ती नेमकी उलट दिशेने, कडब्याने भरलेली. शिवाय त्या रस्त्यावर बैलगाडीचे हिसके म्हणजे उसण भरलेल्या माणसाला शिक्षाच होती.

दांडा नसलेली सायकल तिथे एकच होती.

हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. सुचेताने हँडल घट्ट धरलं. अठरा मैल ती आली होती, पाय अजून तयार होते, सांची आता हाताच्या अंतरावर होती आणि सांची गाठली की कॉलेज मिळणार होतं. तिने बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे, रुळांकडे बघत होते. त्यांच्या तोंडून मागणं निघालं नसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ओठ आवळून ते कळ सोसत होते, हेही दिसत होतं.

तिने सायकल त्यांच्यापुढे आणून उभी केली. "बसा, बाबा. हिला पाय उचलावा लागत नाही."

"अगं, अट!" अच्युत ओरडलाच.

"अट मोडेल, सुचेता," काशिनाथराव हळूच म्हणाले.

"मोडू दे," ती म्हणाली, आणि डोळे भरले म्हणून वळून बाबांची पंक्चर झालेली सायकल उचलायला गेली. "हिला मी सलामतपूरपर्यंत ढकलत नेते. तुम्हाला धरायला हे दोघंही लागतील."

"एकटी? या अनोळखी रस्त्यावर?" कंबर विसरून ते उठायला गेले आणि पुन्हा बसले.

तोवर डोक्यावर पेरूंची टोपली घेतलेली एक म्हातारी तिथे थांबून सगळा तमाशा बघत होती. तिने टोपली सावरली. "अकेली काहे को? हम सलामतपूर ही तो जा रहे हैं, अपनी बेटी के घर. बिटिया हमारे साथ चलेगी. आप फिकर मत करो, बाबूजी."

काशिनाथरावांनी त्या बाईकडे पाहिलं, मग मुलीकडे. सव्वा वर्षात भोपाळच्या कुणावर विश्वास टाकायची त्यांची ही पहिली वेळ. "मेहरबानी," ते म्हणाले, आणि नागपूरचे हेडक्लार्क लेडीज सायकलवर बसले. दोन बाजूंनी अच्युत आणि शांताराम आपापल्या सायकलींवरून त्यांच्या पाठीला हात लावून चालले.

सुचेता आणि म्हातारी मागून निघाल्या. वाटेत भेटणारे सगळे म्हातारीला खाला, म्हणजे मावशी म्हणत, तेव्हा सुचेताही खाला म्हणू लागली. पहिला मैल सुचेता रडली. दुसऱ्या मैलात तिने खालाला सगळी हकिकत सांगितली, अट, कॉलेज, कांचन, पंप. पंपाचं ऐकून खाला इतकी हसली की दोन पेरू खाली पडले. ते त्यांनी तिथेच खाल्ले.

"इसकी घंटी बजती है?" खालाने विचारलं.

"बजाइए ना."

खालाने घंटी वाजवली. तिला ती फार आवडली. मग सलामतपूरपर्यंत ती दर पन्नास पावलांवर वाजवत राहिली. शेतातली माणसं वर बघायची, तर खाला मान ताठ करून म्हणायची, "रस्ता दो, बिटिया को कॉलेज जाना है!"

सलामतपूरला मिस्त्रीने काटा काढला, ठिगळ लावलं, हवा भरली. सुचेताने पदर खोचला. बाबांची सायकल उंच होती, सीटवर बसून पाय पुरेनात. तिने दांड्याखालून पाय घातला आणि लहानपणी शिकली होती तशी एका अंगाने, वाकडी होऊन चालवायला लागली. मागे खाला ओरडत होती, "जीती रहो!"

सांचीच्या टेकडीखाली झाडाच्या सावलीत तिघे बसले होते. अच्युतने तिला पहिल्यांदा पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. काशिनाथराव झाडाला टेकून उभे राहिले. आपली ती अवाढव्य सायकल मुलगी अर्धी लोंबकळत आणते आहे, केस सुटलेत, तोंड लाल झालंय, आणि हँडलला म्हातारीने दिलेल्या पेरूंची पुरचुंडी लटकते आहे, हे ते बघत राहिले. मग त्यांनी अच्युतला डबा सोडायला सांगितलं.

दशम्या खाऊन झाल्यावर त्यांनी फाईल मागितली. अट मोडल्याचं आता कागदावर येणार, सुचेताला वाटलं. काशिनाथरावांनी गुडघ्यावर फाईल ठेवून बराच वेळ लिहिलं आणि ती तिच्या हातात दिली.

'अट मोडली आहे,' पहिल्या ओळीत होतं. खाली लिहिलं होतं : 'तथापि मोडण्याचे कारण अट घालणारा स्वतः आहे. त्याने पंप न पाहता "पाहिले" असे लिहिले. तसेच हे गाव, इथली माणसे व हा रस्ता यांबाबतही न पाहताच मत दिले. दोन्ही ठिकाणी सही एकाच माणसाची आहे. सबब अट रद्द. सायकल भोपाळातच राहील. कांचनला तसे कळवावे.'

खाली ती लांब शेपटीची सही होती.

सुचेताने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग फाईल परत केली. "आणि कॉलेज?"

काशिनाथरावांनी पेन उघडलं आणि एक ओळ वाढवली : 'जुलैपासून. सायकलनेच.' मग फाईल अच्युत आणि शांतारामांपुढे धरली. दोघांनी घाईघाईने खिशातून पेनं काढली.

"थांबा," काशिनाथराव म्हणाले. "आधी वाचा. दोघांनीही. मोठ्याने."

अच्युतने उभं राहून मोठ्याने वाचलं. मग सह्या झाल्या. काशिनाथराव कंबर धरून उठले, टेकडीकडे तोंड केलं आणि हात पुढे केला.

"चल गं, हात दे," ते मुलीला म्हणाले. "आलोच आहोत तर वर जाऊन नीट पाहून येऊ."