तांब्याच्या पोटातलं विष

भट्टीवाल्यांनी माल परत पाठवला. तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे दगड दळून वेगळ्या काढलेल्या तांब्याच्या भुकटीत, आर्सेनिक मर्यादेबाहेर गेलं होतं. मॅनेजरने त्याचं खापर फेसाच्या टाक्या सांभाळणाऱ्या फोरमनवर फोडलं आणि भर पाळीत त्याला घरी पाठवलं.

फोरमनची धाकटी बहीण त्याच कारखान्यात खनिजं तपासायची. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या खाणीत आर्सेनिकचे कण सुटे असत. दगड दळला की ते वेगळे होत; दादा तांबं फेसावर वर काढायचा आणि ते खाली राहायचे. नव्या खाणीत मात्र तांबं आणि आर्सेनिक एकाच खनिजात होतं. कितीही बारीक दळा, तांब्याबरोबर आर्सेनिक वर येणारच. हे तिने मॅनेजरला आधीच बजावलं होतं.

ती तडक त्याच्या खोलीत गेली. तो शांतपणे म्हणाला की त्याला सगळं ठाऊक आहे, पण नवी खाण त्यानेच मंजूर करून घेतली होती, ती वाईट ठरून कसं चालेल? फोरमनला काय, दुसरीकडे काम मिळेल.

तिने दात-ओठ खाल्ले. तिथं तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या.

दुपारी भट्टीवाल्यांचा इंजिनिअर चौकशीला आला. मॅनेजर त्याला फोरमनचा हलगर्जीपणा रंगवून सांगत होता. ती न बोलावता आत शिरली आणि नव्या खाणीतल्या दगडाचा नमुना लावलेला सूक्ष्मदर्शक तिने टेबलावर आदळला.

"इथं बघा. फोरमन बदला, टाक्या बदला, हे आर्सेनिक तांब्यातून सुटणार नाही," ती म्हणाली. "आणि साहेबांना हे माहीत होतं."

इंजिनिअर बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर पाणी प्यायला.

नव्या खाणीचा माल बंद झाला. मॅनेजरची मुख्य कचेरीत बदली झाली, तीही बढतीवर. दादाला परत बोलावणं आलं.

"जाऊ नकोस," बहीण म्हणाली. "आधी माफी मागू दे त्या कारखानेवाल्यांना."

"कामावर जाऊ दे गं ह्यांना," वहिनी म्हणाली. "घरी बसून मला भांडी घासायला शिकवतायत."

दादा हसला आणि कामावर गेला. बहिणीला हसू आलं नाही. त्या बढतीचा विषय निघाला की ती अजून ताटावरून उठते.