आधी फळ्या, मग माती

मनीषनगरात फुटलेल्या पाण्याच्या लाइनीचं काम प्रीतीच्या देखरेखीखाली होतं, आणि सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चर माणसाहून खोल गेला होता. माती काळी, आतून भिजलेली. कडांना टेकू देणाऱ्या फळ्यांची गाडी मात्र अजून पोचली नव्हती.

"फळ्या येईस्तोवर कोणी उतरायचं नाही," असं बजावून ती फोन लावायला बाजूला गेली. गल्लीतले नळ कालपासून कोरडे, लोकांची ओरड चाललेली. फिटर नागसेनला राहवलं नाही. तो उतरला.

धप्प असा आवाज झाला. प्रीती वळली तेव्हा एक कड ढासळली होती आणि नागसेन छातीपर्यंत मातीत गाडला गेला होता.

ड्रायव्हर सौरवने जेसीबी सुरू केला. "मॅडम, एका बकेटमंधी मोकळा करतो त्याले!"

"बंद कर! हादऱ्यानं उरलेली कड त्याच्यावर येईल."

"मंग काय पाहत उभा राहू?"

"बाजूच्या इमारतीच्या बांधकामावरून सेंट्रिंगच्या फळ्या आण. पळ!"

फळ्या आल्या, टेकूला लाकडी बल्ल्या आल्या. मजूर फावडी घेऊन उतरू लागले, तशी प्रीती आडवी आली. आधी फळ्या, मग माती.

"अवं पोरी," समोरच्या घरातल्या यमुताई गॅलरीतून ओरडल्या, "माणूस मरून राहिला अन् तू लाकडं काहून लावून राहिली?"

उडी टाकावी आणि नखांनी माती उपसावी, असं प्रीतीलाही वाटत होतं. ती बल्ल्या ठोकून घेत राहिली.

शेवटची बल्ली बसताच ती स्वतः उतरली. "नागसेनभाऊ, ऐकू येते ना?"

"दम पुरून नाही राहिला, मॅडम."

"बोलू नका मग. नुसतं ऐका."

छातीभोवतीची माती हातांनी, कमरेची खुरप्यानं. मध्येच वरून ढेकळं सुटली. फळ्या करकरल्या, पण हलल्या नाहीत. कोणी दोर टाकला, तर तिने तो भिरकावला. पाय अडकलेल्या माणसाला ओढायचं नसतं. अखेर पाय सुटले आणि चौघांनी त्याला वर घेतलं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर यमुताई खाली आल्या. "पाणी आज नाही येत का मग?"

"नाही, काकू."

त्यांनी तिच्या पाठीवरची माती तेवढी झटकली.

दवाखान्यातून फोन आला : पायाचं हाड मोडलंय, जिवाला धोका नाही. प्रीतीने डोळे पुसले, पण तिला बसवेना. पुन्हा ढासळू नयेत म्हणून सौरव जेसीबीनं चराच्या कडा उतरत्या कापत होता.

"अजून काप," ती म्हणाली. "अजून थोडा उतार दे."