मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवायच्या मोटारीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. मास्तरांनी उभं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढलं होतं. समोरचा सायकलवाला वळेल, कडेची बाई अचानक रस्त्यात येईल, शेजारचा शिकाऊ घाबरून भलतंच काही दाबेल, असं धरूनच ते चालत. बायको म्हणायची, "अहो, तुमचा पाय घरातही ब्रेकवरच असतो. दूधवाला आला तरी दाबता, डॉक्टर आले तरी दाबता. माझा भाऊ आला की तर करकचून दाबता." आणि हसायची. ती गेल्यापासून 'पाय उचला' म्हणणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर धुतलं जायचं. तिचं मशीन चौथं. शेजारच्या तिसऱ्या मशीनवर शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई असायची. दोघींची इतकी गट्टी जमली की एकमेकींना त्या 'चार नंबर' आणि 'तीन नंबर' म्हणूनच हाक मारत. मग वरून हुकूम आला. ही मशीन दोन तासांवरच्या दुसऱ्या शहरातल्या नव्या खाजगी हॉस्पिटलात हलवायची, पेशंटांनी तिकडं जावं.

बायकोनं आणि तिच्या भावानं मोर्चे काढले. भावाचा धंदाच मुळी लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. शहरात मोर्चा कोणाचाही असो, कर्णे ह्याचेच. शेवटच्या मोर्च्यात रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरला होता. सगळ्यात पुढं चाकाच्या खुर्चीत बायको होती आणि खुर्ची मास्तर ढकलत होते. जिल्हा कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी खाली येऊन निवेदन घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी दोन मशीन गेली. पुढं काही दिवसांनी बायकोही गेली. शवागाराच्या फाटकातून मास्तरांनी तिला बाहेर आणलं.

"मोर्चा म्हणजे आधी कळवून केलेलं भांडण," मास्तर म्हणू लागले. "समोरचा दार लावून बसतो. मोजकी माणसं हवीत, आणि कोणाला पत्ता लागता कामा नये."

मोजकी माणसं म्हणजे चौघं: मास्तर, मेहुणा, तीन नंबर आणि मशीनच्या खोलीतली सिस्टर. मागच्या महिन्यात उरलेली मशीन सोडवायला कारागीर येणार होते, तेव्हा चौघांनी खोलीच्या दारात बसायचं ठरवलं. गेले, तर बाकावर पोलिस आधीच बसलेले. त्यांच्यातला हवालदार पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "या, या. उशीर केलात."

त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली. चौघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे चौघांतलंच कोणीतरी.

ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत, रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्याखाली, त्यांनी ते मेहुण्याला बोलून दाखवलं.

"तुम्ही स्वतः आरशात बघितलंत का दाजी?" मेहुणा म्हणाला. "आणि असला खबऱ्या तरी काय झालं? मोर्च्यात दहा खबरे असतात. तेही घोषणा देतात. तेवढीच माणसं वाढतात आपली."

"हा मोर्चा नाही."

"तेच तर म्हणतोय. मोर्च्यात कोण कुठला, कोणी विचारत नाही. तुमच्या ह्या चौघांत मात्र मला पाणी प्यायचीही चोरी झालीय. ग्लास उचलला की तुम्ही हाताकडं बघता."

मास्तर खरोखरच हाताकडं बघत होते. मोर्चा निघाला की ह्याचे कर्णे भाड्यानं जातात, गुपचूप कामात ह्याला काय मिळणार, असं त्यांच्या मनात चाललं होतं. सिस्टरची नोकरी त्या दवाखान्यातच, तिला कोणी धमकावलं असेल. आणि तीन नंबर? तिला तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दवाखान्याच्या मुख्य साहेबांच्या मोटारीतून घरासमोर उतरताना बघितलं होतं. ते तिला विचारावं असं त्यांना वाटलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

मशीन नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. 'शुक्रवारी सकाळी दहाला, शवागाराच्या फाटकातून,' त्यानं बोलता बोलता सांगून टाकलं. त्याच दिवशी अकराला मशीन हलवण्याविरुद्धच्या त्यांच्या अर्जाची कोर्टात सुनावणी होती, आणि स्थगिती नक्की मिळणार असं वकील म्हणत होता. म्हणजे ट्रक दुपारपर्यंत आत अडकला की काम झालं.

बेत सोपा होता. तीन नंबर त्यांच्याकडं गाडी शिकत होती. फाटकात तिनं गाडी आडवी बंद पाडायची. शिकाऊ बाईची गाडी बंद पडली तर कोणाला नवल वाटणार? आणि गाडी बंद पाडणं तिला फार सुरेख जमायचं. पेशंटांच्या नातेवाइकांना घेऊन बाकीच्यांनी गाडीभोवती बसायचं.

फक्त फाटक कोणतं, ते मास्तरांनी खरं कोणालाच सांगितलं नाही. सिस्टरला एकटीला गाठून सांगितलं, पुढचं फाटक. मेहुण्याला सांगितलं, धोबीखान्याचं. दोघांनाही बजावलं की ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. तीन नंबरला फाटक सांगितलंच नाही. ज्या फाटकावर पोलिस येतील, त्या फाटकाचा माणूस खबऱ्या. बाकीच्यांना ऐनवेळी फोन करून खऱ्या फाटकावर बोलावता येईल, दोन मिनिटांचं तर अंतर.

शुक्रवारी तीन नंबर गाडीत बसली. मास्तरांनी आधी तिला फोन समोरच्या खणात ठेवायला सांगितलं.

"का हो?"

"गाडी चालवताना फोन नको."

"मी कधी बोलते का चालवताना?" तिनं फोन ठेवला. "कुठं जायचंय ते तरी कळू दे."

"सांगतो. सरळ घ्या."

"डोळेही बांधता का?"

गाडी धोबीखान्याच्या फाटकावरून गेली. तिथं पोलिसांची निळी गाडी उभी होती. कर्णे बांधलेल्या टेम्पोशेजारी मेहुणा एका हवालदाराशी हसून बोलत होता.

सापडला, त्यांच्या मनात आलं. त्यांना आनंदच झाला. पण तो बायकोचा सख्खा भाऊ. ती असती तर तिला काय सांगितलं असतं?

"अहो, ते तुमचे मेहुणे ना? थांबायचं नाही?"

"नाही. उजवीकडं."

शवागाराच्या फाटकाच्या आत ट्रक तोंड बाहेरच्या बाजूला करून तयारच होता. दहा वाजायच्या आधीच भरून झाला होता. तीन नंबरनं गाडी फाटकात आडवी घातली, क्लच सोडला, एक गचका बसला आणि इंजिन बंद पडलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी त्यासाठी "शाब्बास" म्हटलं.

ट्रकमधून विद्यार्थ्यानं डोकं काढलं. "मास्तर! काय हे? बाजूला घ्या ना."

"शिकाऊ आहेत त्या. सुरू होईना."

मास्तरांनी सिस्टरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ती पुढच्या फाटकावर माणसांना गोळा करत होती, पर्समधला फोन कुठून ऐकू येणार? मेहुण्याला लावायला बोट गेलं आणि थबकलं. त्याला बोलावलं तर मागून पोलिसही येतील.

"मास्तर, आपली माणसं कुठायत?" तीन नंबरनं विचारलं.

"पुढच्या फाटकावर."

"तिकडं कशाला?"

"मी सांगितलं म्हणून."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात ठेकेदारानं हाक मारली आणि मशीन चढवणारे आठ हमाल ट्रकमागून आले. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, काच ठोठावली नाही. दोघं-दोघं एकेका चाकाशी वाकले, आणि "हं!" म्हणून गाडी आतल्या दोघांसकट उचलली. मास्तरांनी आपला ब्रेक सगळा जीव लावून दाबला. चाकंच हवेत, तर ब्रेक काय धरणार? गाडी भिंतीशी नेऊन ठेवली. ट्रक शेजारून निघून गेला. विद्यार्थ्यानं त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

दुपारी बाराला कोर्टानं स्थगिती दिली. मशीन आहेत तिथंच ठेवावीत. तोवर ती नव्या हॉस्पिटलात पोचली होती.

संध्याकाळी चौघं स्कूलच्या खोलीत जमले. मास्तर मेहुण्याची वाटच बघत होते.

"पोलिसांना कोणी सांगितलं?"

"सांगितलं कुठं? परवानगी काढली," मेहुणा म्हणाला. "लाऊडस्पीकर लावायचा तर परवानगी नको?"

"मागच्या वेळीही?"

"दर वेळी. बिनपरवान्याचा कर्णा दिसला की उचलून नेतात. दोनदा गेलेत माझे. ठाण्यावर गेलो, जागा लिहिली, सही केली. सवयच आहे ती."

"अरे, आपण गुपचूप करणार होतो ना?"

"हो, गुपचूपच! पण लोकांना ऐकू नको जायला?"

सिस्टर फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. तिला पुढचं उमगलं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "मला पुढचं फाटक सांगितलंत. ह्यांना धोबीखान्याचं. मी वाट बघत उभी. माझ्याबरोबर बारा-पंधरा माणसं होती, म्हातारी माणसं. मला पारखत होता तुम्ही?"

"पंधरा माणसं गाडीला टेकून बसली असती दाजी," मेहुणा म्हणाला, "तर आठ हमालांनी कोणाकोणाला उचललं असतं?" "आणि माझ्यावर संशय? तिच्या मशीनसाठी?"

मास्तरांनी तीन नंबरकडं बघितलं. निदान ह्या एका बाबतीत तरी आपण बरोबर असावं, असं त्यांना वाटत होतं. "तुम्ही साहेबांच्या मोटारीतून उतरलात. मी बघितलं."

"हो, उतरले," ती म्हणाली. "मशीनवरून उठले आणि फाटकात चक्कर आली. ते घरी निघाले होते, त्यांनी सोडलं. त्याआधी तुम्हाला फोन केला होता. उचलला नाहीत."

बायको गेल्यापासून मास्तर बरेच फोन उचलत नसत. ते त्यांनी सांगितलं नाही. मग मेहुणा उठला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "पुढच्या सोमवारी मोर्चा आहे. स्थगितीप्रमाणं मशीन परत आणा म्हणून. यायचं तर या. जागा मी सगळ्यांना एकच सांगणार आहे."

सोमवार यायच्या आत तीन नंबरला मशीनवर जावंच लागणार होतं. मास्तर म्हणाले, मी नेतो. ती म्हणाली, मी चालवते, तुम्ही बसा शेजारी. निघताना तिनं आपला फोन मांडीवर ठेवला. मास्तरांनी बघितलं आणि पट्टा लावला.

तासाभरानं मोठा फाटा आला. ह्या रस्त्यानं मास्तरांनी कितीजणांना शिकवत नेलं होतं, त्याची गणती नव्हती.

"डावीकडं घ्या," ते म्हणाले.

तिनं इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला उभी केली. काच खाली करून पंक्चरवाल्याला विचारलं, "भाऊ, नव्या हॉस्पिटलला डावीकडूनच ना?"

"हो, डावीकडूनच."

तिनं काच वर केली, आरसा बघितला आणि गाडी डावीकडं घेतली. मास्तरांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि सीटखाली ओढून घेतला.