मोजण्याआधी

एनिडने फडक्याने लाकडी गोळा पुसला, पुन्हा पुसला, आणि तो सोडायचं विसरून हातात धरून उभी राहिली.

"अंडं उबवतेयस का, मास्तरीणबाई?" हिरवळीच्या कडेवरून नोरीन ओरडली. "सोड की!"

एनिडने सोडला. गोळा हिरवळीच्या उंचवट्यावरून वळण घेत गेला आणि नेम धरायच्या लहान पिवळ्या गोळ्यापाशी, जॅकपाशी, नोरीनच्या गोळ्याशेजारी थांबला. दोघी तिकडे निघाल्या. मोरकंबच्या खाडीवरून गार वारा सुटला होता. बोल्सच्या क्लबात आज तिसरं कोणी नव्हतं. सांगायचं तर आताच.

"नोरीन, काल मी बँकेत गेले होते. माझं करमुक्त बचत खातं हलवायला."

"मग? झालं?"

नोरीन वाकली. तिचा हात गोळ्याकडे गेला.

"उचलू नकोस! अजून मोजलं नाही." आवाज वर्गातला निघाला. एनिड ओशाळली. "हेच बघ. मोजण्याआधी गोळा हाताने उचलला, की तो गणतीतून गेला. त्या पैशांचंही तसंच आहे. आपण काढून दुसरीकडे भरायचे नसतात. नव्या बँकेला अर्ज द्यायचा, ती जुनीकडून परस्पर मागवून घेते. मधे आपला हात लागला की करमाफी गेली. वर्षाला वीस हजार पौंड काय ते परत आत घालता येतात, बाकीचे बाहेरच."

आयुष्यभर ती असंच शिकवत आली होती, हाताशी असेल त्या वस्तूने. आज मात्र शिकवताना मान वर होत नव्हती. मार्चमध्ये क्लबातल्या चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, तिने बिस्किटांच्या दोन बशा मांडल्या होत्या. ही जुनी बँक, ही नवी. इथून काढा, रस्ता ओलांडा, तिथे भरा. 'नोरीन, तुझे किती आहेत? लाजू नकोस, सांग.' चाळीस हजार, नोरीन म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात 'झालं बाई काम' म्हणत तिने लिंबाचा केक आणला होता.

"खिडकीवरच्या मुलीने मला वेळेवर अडवलं. तुला अडवायला कोणी नव्हतं. मी तर ढकललंच." एनिडने फडकं खिशात कोंबलं. "तुला जो कर बसेल तो दरवर्षी मी भरेन. उद्या कागद घेऊन ये, आपण दोघी जाऊ."

"नको."

"अगं, पण तुझी आयुष्यभराची बचत..."

"नको म्हटलं ना."

नोरीनने टोपी कानांवर ओढली.

"त्या दिवशी मी रस्ता ओलांडला, ते खरं आहे. पलीकडून लिंबं घेतली. केकसाठी."

एनिडने मान वर केली.

"हलवण्यासारखं काही नव्हतंच गं. होतं ते सगळं घराच्या छपराच्या दुरुस्तीत गेलं. तू चारचौघांत आकडा विचारलास, मग एक सांगितला."

एनिडची कानशिलं तापली. उत्तर येत नसलेल्या मुलाला वर्गापुढे उभं करू नये, असं ती नव्या शिक्षिकांना नेहमी बजावत असे.

तिने खाली गोळ्यांकडे पाहिलं.

"तुझा जवळ आहे. गुण तुझा."

"दोरी आहे ना खिशात?" नोरीन म्हणाली. "मोज नीट."

एनिड गुडघ्यांवर बसली. जॅकपासून एका गोळ्यापर्यंत दोरी ताणली, मग दुसऱ्यापर्यंत. पुन्हा एकदा ताणली.

"माझा," ती हळूच म्हणाली.

नोरीनने जॅक उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"गुण तुझा, मग जॅकही तूच टाक की. गारठलेय मी."