केरूच्या जीपची किंमत

"आधी इंजिनाला हात लावा मिस्त्री, मग तोंड वाकडा करा," भागोजी गंगारामच्या कानाशी कुजबुजला. "हात न लावताच वाकडा केलात तर त्या बाईला कळंल."

गंगाराम मिस्त्रीने कान बाजूला घेतला. सकाळी आठ वाजता भागोजीच्या तोंडाला लसणीचा वास येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो खूश होता. पंधरा वर्षं बोटीवर काढून गावी परतलेला हा माणूस आता जुनी जीप घेऊन रत्नागिरी ते पावस माणसं वाहणार होता. नवी जीप घेण्याइतके पैसे त्याच्याकडे होते, पण बाईमाणसाकडून स्वस्तात वस्तू मारण्याची गोडी काही वेगळीच.

जुनी गाडी बघायला जाताना मिस्त्री बरोबर न्यायचा आणि मिस्त्रीने खोडी काढायच्या, ही इकडची रीतच. गाडी चांगली असली तरी काढायच्या. मुलगी बघायला गेलेली आत्या पोह्यांत मीठ कमी आहे म्हणते, तसंच ते. किंमत जितकी खाली येईल, त्यात हजारामागे पन्नास मिस्त्रीचे. गंगारामने तीस वर्षं हे केलं होतं. चांगल्या गाड्यांना वाईट म्हणून म्हणून त्याची जीभ जाड झाली होती. आपण जेवतो त्या अन्नाची त्याला कधीमधी शिसारी यायची, पण म्हणून कुणी जेवायचं सोडत नाही.

आज मात्र गाडी केरूची, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाची होती. केरू गेल्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या शिमग्यानंतर, काविळीने गेला. खाडीकाठच्या अंगणात माडाखाली त्याची जीप उभी होती. तिच्या अंगाला बोट लागेल तिथे चिकट, कारण केरू होडीवाल्यांच्या घरातला. दर नारळी पौर्णिमेला होडीच्या लाकडाला तेल आणि चंद्रुसाची राळ लावायचा, तसा जीपलाही लावायचा. बंदरावरची मासळी बाजारात न्यायला त्याने ती घेतली होती. वर मासळीच्या टोपल्या, टोपल्यांतून गळणारं खारं पाणी, असं तिचं अकरा वर्षांचं आयुष्य.

केरूची बायको तुळसा दारातून चहा घेऊन आली. गंगारामच्या हातात कप देताना म्हणाली, "भावजी, तुमी आलाव ता बरा झाला. ह्यांच्या गाडीला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात नाय लागला. तुमी सांगाल ती किंमत. मी एक पैसा वर मागणार नाय."

भागोजीने चहाच्या कपाआडून डोळा मारला. गंगारामला तो कप त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला.

"किती मनात हाय वयनी?" त्याने विचारलं.

"पंधरा हजार मिळाले तर भावाच्या नव्या होडीत हिश्शाची पाती घेईन. माजी, माज्या नावाची. मासळीतला वाटा घरी येईल. नायतर हाय आपली डोक्यावर टोपली." ती हसली. "मान आता आखडते वो."

इतकं सगळं त्या पंधरा हजारांवर होतं. गंगारामने मनात हिशेब केला. इंजिन चालू करून पाहिलं, पहिल्या किल्लीला लागलं. डिझेलचं इंजिन चार वर्षांपूर्वी त्यानेच बसवलं होतं आणि ते अजून ठणठणीत होतं. ब्रेक, क्लच, पुढचे दोन टायर करायला अडीच हजार. पंधरा काही जास्त नव्हते. भागोजी खोकत होता, घसा खाकरत होता, टायरला लाथा घालत होता. गंगारामने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मग गोणपाट अंथरून तो गाडीखाली सरकला.

चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोटाला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. आत शिरलेलं पाणी खाली गळून जावं, म्हणून. केरूच्या जीपची ती भोकं बुजलेली होती. होडीच्या फळ्यांच्या फटींत भरतात तशा कापसाच्या वाती ठोकून, वर राळ फासून, मन लावून बुजवलेली. पाणी आत येऊ नये म्हणून. होडीला भोक म्हणजे मरण, एवढं केरूला बापाने शिकवलेलं.

गंगारामला ते ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी ऑइल बदलताना त्याने ते पाहिलं होतं आणि पोट धरून हसला होता. 'केरूची जीप खाडीत सोडा, तरंगेल,' हा किस्सा त्याच्या गॅरेजात कितीतरी वर्षं चालला. केरू आला की सगळे गप्प व्हायचे आणि गेला की हसायचे. सांगितलं मात्र कुणी नाही. केरू जरा ताठ होता, मजुरीवरून वाद घालायचा. म्हटलं, कुजू दे मेल्याची.

त्याने पेचकस चासीला टेकवून दाबला. वरून तेलाने काळीभोर चकचकीत दिसणाऱ्या त्या पट्टीत पेचकस असा शिरला की मुठीपर्यंत गेला. पेचकसाने पडलेल्या भोकातून तांबडं, कुबट पाणी त्याच्या गालावर आलं आणि ओठात शिरलं. मागे तीच गत, मधल्या आडव्या पट्टीची तीच गत. बारा माणसं भरून ही गाडी पावसच्या चढणीला लागली, तर मधोमध दुभंगणार. गंगाराम थुंकला. पुन्हा थुंकला. चव जाईना. आपलीच चव आहे ही, त्याला वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा दोघं त्याच्याकडे बघत होती.

"रस्त्यावर न्यायची नाय ही गाडी," तो म्हणाला. "चासी सडलीय. भंगार हाय."

भागोजीचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मिस्त्रीने अखेर खोडी काढली, आणि तीही काय जबर. "अरारारा," तो म्हणाला. "मग वयनी, भंगाराच्या भावात बोलूया. तीन हजार."

"गप बस," गंगाराम म्हणाला. "खोटा नाय सांगत मी. तू घेऊ नको. माणसा मरतील."

तुळसा हलली नाही. "सडली कशी? हे तर तळहातावर जपायचे तिला."

आता केरूचं नाव घ्यायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारायचं. गंगारामने खाली बघत सांगितलं, "चूक माजी, वयनी. पाणी गळायची भोकं असतात खाली. ती मीच बुजवली व्हती. पाणी आत राहिला नि लोखंड खाल्लान."

"वाती घालून?"

गंगाराम पेचकस पुसायला लागला.

"त्या वाती मी वळल्या व्हत्या," तुळसा म्हणाली. "ह्या पायरीवर बसून. देवाच्या कापसाच्या. ह्यांनी खाली शिरून ठोकल्या, मी वरून एकेक देत व्हते." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी बगितलात त्या? तेव्हा?"

त्याने मान डोलावली.

"कदी?"

"आठ वर्सा झाली."

"आणि बोलला नाय."

'हसत होतो,' हे गंगारामच्या तोंडातून निघेना. भागोजीने घड्याळ बघितलं, मग माडाचे शेंडे बघितले.

तुळसा जीपपाशी गेली. बॉनेटवर हात ठेवून तिने विचारलं, "आणि इंजिन?"

"इंजिन चांगला हाय. होडीत बसंल, भावाला सांगा. आठ हजाराच्या खाली देऊ नका कुणाला."

भागोजी पुढे झाला. "आठ कसले वो, मी सांगतो वयनी—"

"तू थांब," ती म्हणाली, आणि गंगारामकडे वळली. "इंजिन चांगला हाय की नाय, ता मी दुसऱ्या मिस्त्रीला इचारीन, मिस्त्री."

तीस वर्षांत त्याचा शब्द कुणी दुसऱ्याकडे तपासायला नेला नव्हता. अगदी खोटा असतानाही नव्हता. "इचारा," तो म्हणाला, आणि गोणपाट झटकून, आपले पाने-पेचकस पिशवीत भरायला लागला.

तुळसाने पदर खोचला आणि ती जमिनीवर उताणी होऊन गाडीखाली शिरली. अंबाड्यातला आकडा काढून तिने पहिली वात उपसली. पाणी तिच्या हातावर सांडलं. तिने हात पुसला नाही, पुढच्या भोकाकडे सरकली.