न मरणारी गाडी

"तसा हात बरा चालला वं," दौलतराव म्हणाले. "वळणावर जराशीक घसरली, बस."

 वैजयंतीने स्पिरिटचा बोळा सासऱ्यांच्या कोपरावर टेकवला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली होती, पण म्हाताऱ्याने हूं की चूं केलं नाही. त्यांना घरी घेऊन आलेले भाऊसिंग मात्र दारात उभे राहून अजून धापा टाकत होते. दौलतराव एसटीत ड्रायव्हर असताना भाऊसिंग त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते. घडलं ते त्यांनीच सांगितलं. सून जेवायला घरी आलेली पाहून दौलतरावांनी खुंटीवरची तिच्या स्कुटीची चावी काढली आणि थेट हायवे गाठला. समोरून सोयाबीनचा ट्रक आला. ब्रेक दाबायचा, तर उजव्या मुठीने रेस तशीच आवळून धरली. ती मूठ सुटेचना. ट्रकखाली जायची ती स्कुटी रस्त्याकडेच्या नालीत गेली, एवढंच नशीब.

भाऊसिंगांना वाटलं, सून आता सासऱ्याला फैलावर घेणार. नर्सबाईंचा आवाज अख्ख्या शेलूबाजारला माहीत होता. पण वैजयंतीने मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं होतं. म्हाताऱ्याला स्कुटीवर बसवलं ते आपणच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दौलतरावांना लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला, रोज दाबायला सांगितला आणि कोणीतरी जवळ बसून करून घ्या म्हणाले. घरात नर्स असली की ते कोणीतरी कोण, हे विचारावं लागत नाही. वैजयंती दिवसभर उपकेंद्रात लसी टोचायची, बाळंतपणं करायची आणि घरी येऊन पदर खोचायची. त्यातूनही ती बसायची. पण दौलतरावांनीच एक दिवस चेंडू अंगणात भिरकावला. मी काय लेकरू आहे का, म्हणाले.

मग प्रज्वलला, तिच्या नवऱ्याला, युक्ती सुचली. तो लहान असताना दौलतरावांनी त्याच्यासाठी अकोल्याहून कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. कॅसेट कधीच्या काळी भंगारात गेली, पण प्रज्वलने टीव्हीत इम्युलेटर टाकला. असे जुने खेळ आताच्या टीव्हीवर, मोबाइलवर चालवणारं ते ॲप. एक रिमोटही आणला. दौलतरावांनी तो दोन्ही हातांत धरला आणि लकव्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ड्रायव्हर दिसला.

खेळात गाड्या तीनच. तिन्ही आपटल्या की खेळ संपायचा आणि पुन्हा कसा लावायचा ते त्यांना जमायचं नाही. "वैजयंती, मेली वं गाडी," अशी हाक यायची. पिठाचे हात पुसत ती जायची, लावून द्यायची, चुलीपाशी पोचते न पोचते तोच पुन्हा गाडी मरायची. एका संध्याकाळी तव्यावरची भाकरी कोळसा झाली. त्या रात्री तिने प्रज्वलला विचारून इम्युलेटरमधलं चीट, म्हणजे खेळाला फसवायची सोय, चालू केलं. मग गाडी झाडावर आपटो की ट्रकवर, देव तारी त्याला कोण मारी. जरा लुकलुकायची आणि पुन्हा धावायला लागायची. उरलेल्या गाड्यांचा आकडा कोपऱ्यात हलतच नसे, पण तो दौलतरावांनी कधी पाहिला नाही. ड्रायव्हरने रस्ता बघायचा, मोजामोज कंडक्टरची, ही त्यांची जुनी सवय.

हाका थांबल्या. भाकरी जळायच्या थांबल्या. चेंडू अंगणातून कुठे गेला, ते कोणी पाहिलं नाही. दौलतराव भाऊसिंगांना बोलावून गाडी किती वेळ चालते ते दाखवू लागले. हात सुधारतो आहे ना, असं त्यांनी एकदा सुनेला विचारलं होतं. दिवसभर पेशंटांना सांगते तसंच, कणीक मळता मळता, ती हो म्हणाली होती. ते हो आता तिला गिळवत नव्हतं.

प्रज्वल म्हणाला, सांगू नको, उगीच म्हाताऱ्याचं मन मोडेल. तिलाही ते सोयीचं वाटलं. जखमेवर खपली धरली. चावी मात्र दौलतरावांच्याच खिशात राहिली होती. ती मागायची तिची हिंमत होईना, म्हणून ती उपकेंद्रात जीपने जात होती. मग रविवारी दुपारी चहा पिताना दौलतराव सहज म्हणाले, उद्या मंगरुळपर्यंत जाऊन येतो, मोठ्या रस्त्याने गेलं की हाताची भीती मोडते.

वैजयंतीने कप खाली ठेवला.

"मामाजी, टीव्हीतली गाडी तुमी नव्हते चालवून राह्यले. ते मी खोटी केली व्हती. आपटली तरी मरत नाई, असं करून ठेवलं व्हतं."

"काहून?"

"तुमी सारखी हाक मारत व्हते म्हून." दुसरं कारण तिने शोधून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. "माह्यं चुकलं. हात सुधरला नाई, मामाजी. मी मंग बसलीच नाई तुमच्याजवळ."

दौलतरावांनी बंद टीव्हीकडे बघितलं. मग म्हणाले, खरी लावून दाखव. तिने चीट बंद केलं. पहिली गाडी पहिल्याच वळणावर गेली, दुसरी तिच्या मागोमाग. तिसरी थोडी पुढे गेली आणि उभ्या ट्रकवर आदळली. कपातला चहा अजून गरम होता.

"प्रज्वलले माईत व्हतं?"

"हो."

"भाऊसिंगले?"

"नाई."

"मंग त्याले सांगू नको," ते म्हणाले.

तेव्हा वैजयंतीला रडू आलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दौलतरावांनी डाव्या हाताने खिशातून चावी काढली आणि तिच्या कपाशेजारी ठेवली. सबंध आयुष्य गाडी चालवलेल्या माणसाने चावी ठेवली, पण आवाज म्हणावा तर काहीच झाला नाही.

"लाव पुन्हा," ते म्हणाले. "खरीच लाव."

तिने खेळ लावला आणि या वेळी उठून गेली नाही. गाडी त्याच वळणावर आपटली. दौलतरावांचा उजवा अंगठा बटणावरून घसरला होता. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि परत बटणावर ठेवला.